प्रकल्प नोंदी : व्हॉल्व्ह बंद कोणी करायचा?

ठिकाण : चाकण एमआयडीसी. वाहनांचे सुटे भाग बनवणारा मशीनिंग व असेंब्ली प्लांट. तीन शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी गुरुवार.
नोंद ठेवणारा : मेंटेनन्स विभाग, प्रकल्प समन्वयक.

९ जून २०२५, सोमवार

यंदा ५ जून गुरुवारी आला, त्यामुळे पर्यावरण दिन शुक्रवारी साजरा झाला. झाडं लावली, शपथ घेतली, प्लास्टिक प्रदूषणाचं पोस्टर गेटवर लागलं. आज प्लांट हेडनी बोलावून हे काम सोपवलं : सस्टेनेबिलिटी, म्हणजे पर्यावरण आणि माणसं जपून उत्पादन करणं, रोजच्या कामाच्या सवयीत उतरली पाहिजे, मार्चअखेरपर्यंत.

निमित्त ग्राहक कंपनीच्या प्रश्नावलीचं आहे. शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार वरच्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल, बंधनकारक केला. त्यातल्या वरच्या २५० कंपन्यांनी मोठ्या पुरवठादारांचीही माहिती द्यायची, ही पुढची पायरी. मार्च २०२५ मध्ये ती ऐच्छिक झाली, पण ग्राहकांनी विचारणं थांबवलेलं नाही. वीज किती, पाणी किती, घातक कचरा किती, कंत्राटी कामगारांना प्रशिक्षण किती तास, असं सगळं त्यात आहे.

हे आकडे ऑफिसात बसून भरता येतील. सवयीचं काम मात्र शॉपवर उभं राहूनच होणार. सुरुवात हवेपासून करतोय. कॉम्प्रेस्ड एअर (कॉम्प्रेसरने दाबलेली हवा, जिच्यावर क्लॅम्प, सिलिंडर, एअर गन चालतात) प्रत्येक लाइनवर आहे, तिचं बिल कुठल्याच लाइनच्या नावावर पडत नाही, आणि प्रत्येक गळतीच्या शेजारी आपला एक माणूस आठ तास उभा असतो.

१२ जून, गुरुवार

सुट्टीचा दिवस गळती मोजायला सोयीचा. सगळ्या मशीन बंद, हवेचा वापर शून्य, म्हणजे कॉम्प्रेसर जेवढा लोड घेईल तेवढी सरळ गळती. ७५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर चालू केला आणि घड्याळ लावून बसलो. लोडवर (हवा भरताना) सरासरी दीड मिनिट, अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरताना) साडेतीन मिनिटं. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागायचं : ३० टक्के.

प्लांटमध्ये एकही पार्ट बनत नसताना साधारण २२ किलोवॅट हवेत जात होते. लाइन वर्षाला ७२०० तास हवेखाली असते. युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला १४ लाखांच्या पुढे.

ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या पुस्तिकेतला तक्ता छापून घेतला. ७ बार दाबाला ०.८ मिलिमीटरचं छिद्र ०.२ किलोवॅट खातं, १.६ मिलिमीटरचं ०.८ आणि ३.१ मिलिमीटरचं पूर्ण ३ किलोवॅट. त्या एका शेवटच्या छिद्राचे वर्षाचे २१,६०० युनिट होतात. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका ढिल्या फिटिंगमागे १५ टन.

बंद शॉपमध्ये फिरताना आवाज स्पष्ट ऐकू येत होता. एरवी मशीनच्या आवाजात तो बुडून जातो. पाण्याचा नळ गळत असता तर पहिल्या दिवशी कोणीतरी बादली लावली असती.

१७ जून, मंगळवार

सेकंड शिफ्टला लाइन दोन आणि तीनवर होतो. कागद-पेन खिशातच ठेवलं, फक्त गप्पा मारल्या.

ड्रिलिंग एसपीएमवरच्या (एकाच कामासाठी बनवलेल्या मशीनवरच्या) एका ऑपरेटरने न विचारता सिलिंडरमागची ट्यूब दाखवली. 'साहेब, ही दिवाळीपासून गळतेय. दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा सांगितलं की लाइन थांबते, आणि लाइन का थांबली म्हटलं की माझं नाव पुढे येतं.'

आमच्याच विभागातले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते शेजारीच होते. ते म्हणाले, 'ट्यूब बदलायला पाच मिनिटं लागतात. पण तेवढ्यासाठी मशीन थांबवून कोण देतंय?'

असेंब्लीवरच्या ताईंनी तिसरी गोष्ट सांगितली. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावरची एअर गन लटकत असते आणि तिच्या ट्रिगरमधून हवा जात राहते. मागचा व्हॉल्व्ह हाताच्या अंतरावर आहे. मग बंद का करत नाही? 'आमचा आहे का तो? मेंटेनन्सचा आहे ना.'

जागृती कमी पडते असं प्रकल्पाच्या मंजुरीच्या कागदावर लिहिलेलं आहे. माझ्या मते ते वाक्य काढायला हवं. गळती कुठे आहे हे या लोकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. हात लावायचा हक्क त्यांना कोणी दिलेला नाही, आणि लावलाच तर मागे कोण उभं राहील याची खात्री नाही. पोस्टर कितीही चांगलं असलं तरी या दोन्हीतलं काही देत नाही.

२५ जून, बुधवार

प्रॉडक्शन, मेंटेनन्स, सेफ्टी, एचआर आणि युनियनचे दोन प्रतिनिधी एकत्र बसलो. विषय एकच : लाइनचा मेन बॉल व्हॉल्व्ह ऑपरेटरने बंद करायचा की नाही.

प्रॉडक्शनची भीती खरी होती. परत सुरू करताना दाब यायला वेळ लागतो. तिथेच जाऊन लाइन दोनवर करून पाहिलं, दोन मिनिटांच्या आत दाब पूर्ण आला. सेफ्टीचा मुद्दा जास्त महत्त्वाचा निघाला. काही फिक्श्चरमध्ये (पार्ट पक्का धरून ठेवणाऱ्या साधनात) जॉब, म्हणजे मशीनवरचा पार्ट, हवेच्या क्लॅम्पने धरलेला असतो, उभ्या स्लाइडही काही ठिकाणी हवेवर तोललेल्या आहेत. तिथे कोणी घाईत हवा बंद केली तर जॉब सुटेल, हात अडकेल. म्हणून सगळ्या व्हॉल्व्हची यादी करून दोन रंग ठरवले. हिरव्या हँडलचा व्हॉल्व्ह ऑपरेटरने जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपून पुढची नसेल तेव्हा स्वतः बंद करायचा, विचारायचं नाही. लाल हँडलचा फक्त मेंटेनन्सने, जॉब काढून घेतल्यावर.

युनियनच्या प्रतिनिधींनी एक अट घातली आणि ती मला शंभर टक्के पटली. 'तोंडी नको. लिहून द्या, सही करून द्या. उद्या काही झालं तर पोरावर यायला नको.' प्लांट हेडनी तिथेच मराठी आणि हिंदी मजकुरावर सही केली. हिरवा व्हॉल्व्ह बंद केल्यामुळे उत्पादनाचा वेळ गेला तर त्याची नोंद ऑपरेटरच्या नावावर होणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तो कागद लॅमिनेट करून प्रत्येक लाइनला लावला. आतापर्यंतच्या कामात सगळ्यात मोलाचा कागद हाच.

४ जुलै, शुक्रवार

पिवळे टॅग सुरू केले. गळती दिसली, ऐकू आली की टॅग लावायचा, तारीख घालायची, नाव घालणं ऐच्छिक. आठवड्यात एवढे टॅग लागले की लाइन तीन लांबून पिवळी दिसते. मेंटेनन्समध्ये नाराजी आहे, आपल्याला उघडं पाडलं असं काहींना वाटतं. मामांनी त्यांना समजावलं, पण खरा अडसर वेगळाच निघाला. आठ मिलिमीटरची पीयू (लवचिक प्लास्टिकची) ट्यूब आणि पुश फिटिंग स्टोअरमधून काढायला इंडेंट (मागणीपत्र) आणि दोन सह्या लागत होत्या. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस.

आता प्रत्येक लाइनच्या टोकाला ट्रे आहे : ट्यूब, चार मापांची फिटिंग, टेफ्लॉन टेप, ट्यूब कटर. महिन्याला एकदा स्टोअर तो भरून देईल. अकाउंट्सने वस्तू जातील अशी शंका काढली. जाऊ देत. एका फिटिंगची किंमत आणि एका गळतीची किंमत शेजारी शेजारी लिहून पाठवली, पुढे काही विचारणा आली नाही.

कटर मुद्दाम ठेवला आहे. ट्यूब ब्लेडने तिरकी कापली तर फिटिंगमध्ये नीट बसत नाही आणि महिन्याभरात तिथेच परत गळते. निम्म्या जागी हेच कारण होतं.

१६ जुलै, बुधवार

सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगच्या बोर्डावर आजपासून एक ओळ वाढली : लाइनवर किती टॅग उघडे, त्यातला सर्वांत जुना किती दिवसांचा. सेफ्टी, क्वालिटी, डिलिव्हरी यांच्या खाली, त्याच मार्करने, त्याच माणसाने लिहायची. सस्टेनेबिलिटीची वेगळी मासिक बैठक घ्यावी अशी सूचना होती, मी विरोध केला. ज्या गोष्टीची वेगळी बैठक असते, ती बैठक संपली की त्या गोष्टीचंही काम संपतं. सुपरवायझरला साडेआठला उभं राहून ज्याचं उत्तर द्यावं लागतं तेवढंच तो शॉपवर विचारतो.

दाब कमी करायचं कामही हाती घेतलं. कॉम्प्रेसर ७.२ बारवर लावलेला आहे. का, याचं उत्तर कोणाकडे नाही. जुन्या लोकांच्या सांगण्यावरून इतकंच कळलं की कधीतरी एका मशीनचा क्लॅम्प ढिला धरत होता म्हणून दाब वाढवला, मग आणखी एकदा वाढवला. दाब १ बारने उतरवला तर कॉम्प्रेसरची वीज ६ ते १० टक्के वाचते, शिवाय उरलेल्या छिद्रांतून हवाही कमी जाते. दर आठवड्याला ०.१ बार उतरवायचं ठरवलं. लाइनवर आधी सांगून, बोर्डावर लिहून. चोरून उतरवलेला दाब पहिल्या रिजेक्शनला परत चढतो.

३० जुलै, बुधवार

पाऊस थांबत नाही. स्क्रॅप यार्डच्या कडेला तेलकट चिंध्यांचं एक पिंप उघडं राहिलं होतं, त्यात पाणी भरून वरचा तेलाचा तवंग सांडायच्या बेतात होता. पंप लावून पाणी ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) घेतलं, पिंप शेडखाली हलवलं.

तेलकट चिंध्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत अनुसूची एकमध्ये ३३.२ क्रमांकाला येतात, वापरलेलं तेल ५.१ ला. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाहीत. आपल्याकडून त्या मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या कागदासह) रांजणगावच्या सामाईक प्रक्रिया केंद्रात जातात. कागदोपत्री सगळं बरोबर आहे. पण शॉपमध्ये त्या साध्या कचऱ्याच्या डब्यात पडतात, आणि दरवर्षीच्या प्रशिक्षणानंतरही पडतच राहतात.

आज पावलं मोजली. मशीनपासून निळा साधा डबा हाताशी, पिवळा घातक कचऱ्याचा डबा गँगवेच्या पलीकडे, फोर्कलिफ्टचा रस्ता ओलांडून. दर दोन मिनिटांनी पार्ट काढणारा माणूस चिंधीसाठी तिकडे जाईल ही अपेक्षाच चुकीची. डब्यांच्या जागांची अदलाबदल केली. त्यासाठी कोणतीही मंजुरी लागली नाही.

दुसरी बाजू : चिंध्या लागतात कशाला? लाइन एकवर जास्त खप आहे, कारण दोन मशीनच्या दरवाजाचं सील गेलंय आणि कूलंट (कापताना मशीन थंड ठेवणारं द्रव) बाहेर येतं. ऑपरेटर दिवसभर जमीन पुसतो. सील मागवली. धुऊन वापरायच्या कापडांचाही प्रस्ताव आला आहे, पण ती धुण्याचं तेलकट पाणी कुठे जाणार याचं उत्तर पुरवठादाराकडून मिळेपर्यंत मी हो म्हणणार नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

कॅन्टीन. 'काल इतके किलो अन्न वाया गेले, इतक्या लोकांचे पोट भरले असते' हा बोर्ड हात धुवायच्या जागी लागलेला आहे. लोक तो वाचून खाली मान घालून जातात. फरक शून्य. मला तो बोर्ड आधीपासून खटकतो. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाला जेवल्यावर अपराधी वाटायला लावणं बरोबर नाही.

सकाळच्या शिफ्टच्या जेवणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबलो. सुट्टी अर्ध्या तासाची. रांगेत दहा-बारा मिनिटं जातात. भात परत हवा असेल तर त्याच रांगेच्या शेवटी उभं राहायचं, म्हणजे परत घेणं अशक्य. म्हणून प्रत्येक जण पहिल्याच वेळी भाताचा ढीग, दोन वाट्या आमटी आणि लागतील न लागतील तेवढ्या पोळ्या घेतो. पोट भरलं की उरलेलं ताटात. हा लोभ नाही, सरळ हिशेब आहे.

कॅन्टीन समितीत मांडलं. दुसऱ्या वाढपासाठी वेगळं टेबल : भात, आमटी, पोळी, रांग नाही, थेट या आणि घ्या. कंत्राटदाराला एक माणूस जास्त लागेल, तो खर्च कंपनीने द्यायचा. मीठ आणि लिंबू टेबलावर ठेवायचं, कारण अळणी भाजी टाकून दिली जाते ही तक्रार तीन जणांनी केली. अपराधाचा बोर्ड काढून टाकला.

२५ ऑगस्ट, सोमवार

दुसऱ्या टेबलामुळे ताटातलं उष्टं दिसण्याइतकं कमी झालंय, कंत्राटदारच सांगतो की तांदूळ कमी लागतो. रात्रपाळीचं तसं नाही. त्यांचं जेवण संध्याकाळीच शिजतं आणि मध्यरात्री गार मिळतं, ते टाकलं जाणारच. रात्री चूल पेटवायची तर कंत्राटाच्या अटी बदलाव्या लागतील. एचआरकडे पाठवलं.

दाब ६.७ पर्यंत आला आहे. परवा गणपती, त्यानंतर पुढचा टप्पा.

९ सप्टेंबर, मंगळवार

हिरव्या व्हॉल्व्हची पाहणी केली. लाइन दोनवर जेवणाच्या सुट्टीत सगळे बंद. लाइन चारवर एकही नाही. सुपरवायझर दोन्हीकडे चांगले, कागद दोन्हीकडे लावलेला.

फरक माणसांचा आहे. लाइन चारवर बहुतेक कंत्राटी कामगार आणि शिकाऊ मुलं. बीड, लातूर, नांदेडची मुलं आहेत, बिहार आणि ओडिशाची आहेत. सहा-सात महिन्यांनी माणूस बदलतो. जूनमध्ये ज्यांना समजावलं ते आता शेजारच्या कंपनीत आहेत. कंपनीची संस्कृती म्हणून आपण जे बोलतो ते कायम कामगारांपुरतं धरून चालतो, आणि निम्मा प्लांट त्या धरण्याच्या बाहेर राहतो. ज्याला सहा महिन्यांनी इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने वीस वर्षांनंतरच्या हवामानाचा विचार करून व्हॉल्व्ह बंद करावा हे सांगायला मला जड जातं. त्याला आज इथे मान मिळाला तर तो आज व्हॉल्व्ह बंद करेल, एवढं नक्की.

ठरवलेलं : नवीन मुलाला पहिल्या दिवशी वर्गात बसवून स्लाइड दाखवण्याऐवजी पहिले तीन दिवस एका अनुभवी ऑपरेटरबरोबर जोडायचं. हिरवं हँडल, टॅग, पिवळा डबा हे त्या ऑपरेटरने हातात देऊन दाखवायचं. जोडीदार ऑपरेटरला त्यासाठी भत्ता. सूचना योजनेची बक्षिसं आतापर्यंत फक्त कायम कामगारांना होती, आता गेटमधून आत येणाऱ्या प्रत्येकाला. ही शेवटची गोष्ट एचआरने एका दिवसात मान्य केली, त्यांचे मनापासून आभार.

२२ सप्टेंबर, सोमवार

दाब ६.४ ला आणल्यावर लाइन एकच्या एका फिक्श्चरवर क्लॅम्पचा अलार्म यायला लागला. जुनी सवय म्हणते, दाब वाढवा. आपण मशीन उघडली. मेन हेडरपासून (हवेच्या मुख्य पाइपपासून) फिक्श्चरपर्यंत सहा मिलिमीटरची लांबच लांब ट्यूब, त्यात दोन वळणं आणि चोंदलेला फिल्टर. दहा मिलिमीटरची ट्यूब टाकली, फिल्टर बदलला. अलार्म बंद. एका मशीनच्या बारीक ट्यूबसाठी सबंध प्लांट वर्षानुवर्षं जास्त दाबावर चालत होता. ऑपरेटरला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, अशा आणखी दोन मशीन मला माहीत आहेत. दोन्ही खरंच निघाल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

यंदा दसऱ्याला गुरुवारची सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आज. सकाळी दहाला उत्पादन थांबलं.

या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण वर्षभर जे करायचा प्रयत्न करतोय ते इथे कोणी न सांगता होतं. प्रत्येक जण आपली मशीन स्वतः पुसतो. हेल्परला सांगत नाही. बेडखाली हात घालून चिप काढतो, जुनं कूलंट उपसतो, गार्डच्या आतली काजळी घासतो. एरवी मेंटेनन्सची असलेली मशीन आज त्याची असते. लाइन तीनवर एका मुलाने स्लाइडवेला हळदकुंकू लावायच्या आधी बोट फिरवून बघितलं, ओरखडा आहे म्हणाला, आणि आम्हाला बोलावून दाखवला. हा ओरखडा आमच्या तपासणीत सुटला असता.

म्हणून मागच्या आठवड्यातच ठरवलं होतं : पुसून झाल्यावर, पूजेच्या आधी, कॉम्प्रेसर चालू आणि मशीन बंद अशी वीस मिनिटं. प्रत्येकाने आपल्या मशीनला कान लावायचा, साबणाचं पाणी घ्यायचं, सांध्यांवर फुगा येतो का पाहायचं. शॉप शांत असल्याने बारीक आवाजही येत होता. ज्यांच्याकडे ट्रे होता त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्तही केलं. मग आरती, कोहळा, पेढे.

सजावटीत थर्माकोल नव्हता. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहेच, पण गेल्या वर्षीपर्यंत कुठूनतरी यायचा. प्रसाद पत्रावळीत. झेंडूचं निर्माल्य वेगळ्या पोत्यांत भरून बागेच्या खतासाठी गेलं.

पाठपुराव्याचं एक टिपण : मार्चमध्येही असाच अर्धा दिवस मिळावा, अशी मागणी ऑपरेटरांकडूनच आली आहे. प्लांट हेडशी बोलायचं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज खरेदी विभागाशी लांब चर्चा. कूलंट पंपिंगची १५ किलोवॅटची मोटर जळाली. पर्याय तीन : रीवाइंड (जळालेली तार काढून नवी गुंडाळणं), आयई-२ दर्जाची नवी, किंवा वरच्या दर्जाची. आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तेवढी वीज कमी. पद्धत अशी की तीन कोटेशन मागवायची आणि सर्वांत कमी दर घ्यायचा.

हिशेब मांडला. चार पोल, १५ किलोवॅट मोटरची कार्यक्षमता आयई-२ ला ९०.६ टक्के, आयई-३ ला ९२.१, आयई-४ ला ९३.९. वर्षाला ७००० तास पूर्ण लोडवर धरले तर आयई-२ पेक्षा आयई-३ साधारण १,९०० युनिट कमी घेते, आयई-४ चार हजारांच्या आसपास. ९ रुपयांनी ते अनुक्रमे १७ हजार आणि ३६ हजार. दरातला फरक किती दिवसांत वसूल होतो हे खरेदीच्या माणसानेच कॅल्क्युलेटरवर काढलं. रीवाइंड केलेल्या मोटरची कार्यक्षमता आणखी घसरण्याची शक्यता असते, आणि ही आधी एकदा रीवाइंड झालेली आहे.

तो म्हणाला, 'हे मला समजतं. पण माझं मूल्यमापन दरातल्या बचतीवर होतं. विजेचं बिल माझ्या खात्यात नाही.'

हे जूनमधल्या ताईंच्या व्हॉल्व्हसारखंच आहे. माणूस ऑफिसातला असो की असेंब्लीचा, जे आपलं म्हणून दिलेलं नाही त्याची काळजी कशी घेणार? १ डिसेंबरपासून कोटेशनच्या तुलना तक्त्यात एक रकाना वाढवला : पाच वर्षांची वीज. ५ किलोवॅटच्या वरच्या प्रत्येक खरेदीला दर अधिक वीज अशा बेरजेवर निर्णय. प्लांट हेड आणि फायनान्स दोघांची सही झाली. मोटर आयई-४ येतेय.

११ डिसेंबर, गुरुवार

सहा महिन्यांनी तीच चाचणी, तोच कॉम्प्रेसर. लोड एक मिनिट, अनलोड पाच मिनिटं. १७ टक्क्यांच्या जवळ.

३० वरून १७. चांगलं आहे, पण १० च्या खाली यायला हवं. यादी केल्यावर दिसलं की जुलैत दुरुस्त केलेल्या काही जागा परत गळतायत, सगळ्या हलत्या सिलिंडरच्या ट्यूब. तिथे ट्यूब दर झटक्याला वाकते, फिटिंगपाशी चिरते. टॅगने हे सुटणार नाही, ट्यूबचा रस्ता बदलायला हवा. डिझाइनला तीन जागांचे फोटो दिले. पुढच्या नव्या फिक्श्चरच्या ड्रॉइंगमध्येच केबल चेन (हलत्या ट्यूबला आधार देणारी साखळी) यावी असं सांगितलंय.

१४ ला राष्ट्रीय ऊर्जा बचत दिन आहे, रविवार, आपला कामाचा दिवस. भाषण ठेवलेलं नाही. लाइन दोनचे ऑपरेटर लाइन चारवर जाऊन आपल्या ट्रेचं काम दाखवणार आहेत.

१३ जानेवारी २०२६, मंगळवार

वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर एचआरशी बोलणं. प्रत्येक मॅनेजरच्या उद्दिष्टांत सस्टेनेबिलिटीला पाच टक्के भार द्यावा असा मसुदा आहे. मला भीती वाटते की मग 'जनजागृतीचे उपक्रम राबवले' असं एक वाक्य लिहून ते पाच टक्के पदरात पडतील. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या हातातली एक मोजता येणारी गोष्ट द्यावी : प्रॉडक्शनला सर्वांत जुन्या टॅगचं वय, मेंटेनन्सला सुट्टीच्या दिवशीची गळती, खरेदीला विजेचा रकाना भरलेल्या ऑर्डर, एचआरला रात्रपाळीचं गरम जेवण. एचआरने शेवटच्या नावापाशी थोडा वेळ घेतला, पण यादीत राहू दिलं.

सूचना योजनेत या तिमाहीत कंत्राटी मुलांकडून आलेल्या सूचना कायम कामगारांपेक्षा जास्त आहेत. एक फार आवडली : कूलंटचं रीफ्रॅक्टोमीटर (तीव्रता मोजायचं उपकरण) क्वालिटीच्या कपाटात बंद असतं, ते लाइनवर ठेवा, म्हणजे तीव्रता रोज बघता येईल आणि टाकी लवकर सडणार नाही, लवकर ओतावी लागणार नाही. सुचवणारा मुलगा इथे चार महिन्यांपासून आहे. अंमलबजावणी झाली, बक्षीस प्लांट हेडच्या हस्ते लाइनवरच दिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आयएसओ १४००१ चं, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं, सर्वेलन्स ऑडिट (मधली देखरेख तपासणी) झालं. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर हवामान बदल आपल्या संस्थेला लागू होतो का, हे ठरवून दाखवावं लागतं. आपल्या फाइलमध्ये त्यावर एक पान होतं. ऑडिटर ते वाचून शॉपवर गेले आणि लाइन चारवरच्या मुलाला विचारलं, हे हिरवं हँडल कशासाठी? त्याने आधी लालचं सांगितलं, त्याला हात का लावायचा नाही ते, आणि मग हिरव्याचं. बरोबर क्रम. जोडीदार ऑपरेटरने तसंच शिकवलेलं असणार.

वर्षअखेरचा ताण सुरू झाला आहे. ग्राहकाने मार्चचं शेड्यूल वाढवलं. काल सकाळच्या मीटिंगमध्ये प्रॉडक्शनकडून दाब ७ ला न्यायची मागणी आली, असेंब्लीवर नटरनर (नट आवळायची हवेवरची अवजारं) मंद चालतात म्हणून. लाइन तीनच्या सुपरवायझरने आधी टॅग बघू म्हटलं. एफआरएलचे (हवा गाळणाऱ्या, दाब नेमणाऱ्या आणि तेल देणाऱ्या जोडणीचे) दोन फिल्टर चोंदलेले निघाले. आज दुपारी बदलले, दाब ६.४ वरच आहे. मार्चमध्ये अशी मागणी परत येईल, म्हणून ठरवून टाकलंय : दाब वाढवायचा तर प्लांट हेडची लेखी परवानगी, आणि त्याआधी त्या लाइनची गळती व फिल्टर तपासणी.

शिल्लक कामं :

रात्रपाळीचं गरम जेवण. कंत्राट एप्रिलमध्ये नव्याने होतंय, त्यात ही अट घालायची. समितीतल्या रात्रपाळीच्या प्रतिनिधीला वाटाघाटीत बसवायचं.

हलत्या ट्यूबचे तीन फिक्श्चर. डिझाइनकडून ड्रॉइंग आलं, केबल चेनची ऑर्डर द्यायची आहे.

मार्चमधला अर्धा दिवस मशीन स्वच्छतेसाठी. शेड्यूल पाहता प्रॉडक्शन नाही म्हणतंय. मी मागणी सोडलेली नाही, लाइनवार दोन-दोन तासांचा प्रस्ताव आज दिला.

प्रश्नावलीचे आकडे ग्राहकाला २८ तारखेपर्यंत. वीज आणि कचऱ्याचे तयार आहेत, कंत्राटी कामगारांच्या प्रशिक्षणाचे तास एचआरकडून यायचेत.

पुढची गळती चाचणी १२ मार्च, गुरुवार. या वेळी घड्याळ लाइन चारची मुलं लावणार आहेत.